ग्रंथालयाचे दार आणि पुस्तकाचे पान

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भुसावळ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षे अखंड चाललेल्या संस्थेच्या उत्सवात बोलावयास मिळणे हा मी माझा बहुमान समजतो. विषय निवडण्याची मोकळीक आपण मला दिलीत. आयुष्याची एकतीस वर्षे खानदेशातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काढल्यामुळे मी ग्रंथालयांविषयी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे. पण त्यांचे गुणगान करण्यासाठी नव्हे. एका वाचकाचे देणे माझ्याकडून राहून गेले आहे, त्याची कबुली देण्यासाठी मी येथे उभा आहे.

१९९८ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. कला शाखेच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेला एक दृष्टिहीन विद्यार्थी मित्राच्या खांद्यावर हात ठेवून ग्रंथालयात आला. मी अर्ज भरून घेतला, शुल्क घेतले आणि सभासद-पत्र त्याच्या हाती दिले. त्याने त्या कागदावरून बोटे फिरवली आणि विचारले, ''सर, यातलं मला वाचता येईल असं काय आहे?'' माझ्या मागे कपाटांच्या रांगा होत्या, हजारो ग्रंथ होते, आणि त्यांत त्याला वाचता येईल असे एकही पुस्तक नव्हते. पुढे दोघे मित्र वाचनकक्षात बसू लागले. एक हलक्या आवाजात वाची, दुसरा ऐके. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. इतर विद्यार्थ्यांनी तक्रार केली आणि मी, नियमाला धरून, त्या दोघांना बाहेर व्हरांड्यात बसावयास सांगितले. ज्याला ऐकूनच वाचता येत होते, त्याला मी शांततेच्या नावाने ग्रंथालयाबाहेर काढले होते. आपण काय केले, हे मला तेव्हा कळलेदेखील नाही. त्यांनी विनातक्रार जागा बदलली, म्हणून उलट मला त्यांचे कौतुक वाटले.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हे त्यांतील दुसरे सूत्र. परीक्षेत ते मी बिनचूक लिहिले होते.

भुसावळकरांना हा विषय समजावून सांगण्यासाठी फार लांब जावयास नको. आपल्या जंक्शनवर गाडी येण्यापूर्वी तिची घोषणा होते आणि त्याच वेळी फलकावर तिचा क्रमांक उमटतो. माहिती एकच, ती कानालाही दिली जाते आणि डोळ्यांनाही. ज्याला ऐकू येत नाही तो फलक पाहतो, ज्याला दिसत नाही तो घोषणा ऐकतो, आणि ज्याला दोन्ही येते असा आपल्यासारखा प्रवासी गर्दीत फलक दिसला नाही तर कानावर विसंबतो. फलाटाच्या कडेला बसवलेल्या खडबडीत पिवळ्या फरशा पायाला आणि काठीला सांगतात, की पुढे रूळ आहेत. सुगम्यता, सुगम्यता म्हणून जो शब्द हल्ली कानावर पडतो, तो एवढाच. एक वाट बंद असणाऱ्यासाठी दुसरी आधीच उघडी ठेवणे. स्थानकावर आपण हे गृहीत धरतो आणि ग्रंथालयात विसरतो.

वाचन हे केवळ डोळ्यांचे काम आहे, ही समजूत तशी अलीकडची. आपल्या परंपरेत तर ज्ञानाच्या एका प्रकाराचे नावच 'श्रुत' आहे. पंडित सुखलालजी संघवी यांचे नाव या सभेस नवे नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर ते काशीला जाऊन संस्कृत आणि दर्शनशास्त्रे शिकले, पंडित बेचरदास दोशी यांच्यासह त्यांनी 'सन्मतितर्क' या कठीण ग्रंथाचे संपादन केले, बनारस हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केले, आणि १९५८ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे सारे त्यांनी कानांनी केले. कोणी तरी वाचले आणि त्यांनी ऐकले. परंतु सुखलालजींची प्रज्ञा असाधारण होती आणि त्यांना वाचून दाखविणारेही लाभले. साध्या बुद्धीच्या, साध्या घरच्या मुलाला वाचक कोठून मिळणार, हा प्रश्न त्यांच्या उदाहरणाने सुटत नाही.

आपल्या खानदेशाचेच दुसरे उदाहरण पाहा. बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि मावसभावाने ऐकून उतरून घेतल्या, म्हणून १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आल्या. उतरवून घेणारा हात नसता तर आज आपल्या विद्यापीठाला जे नाव आहे, ते आपल्याला ठाऊकही नसते. त्यांचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले. पुढे १९९२ साली संयुक्त राष्ट्रसंघाने हाच ३ डिसेंबर अपंग व्यक्तींचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जाहीर केला. हा निव्वळ योगायोग. पण या जिल्ह्यात तो दिवस साजरा करताना मला तो आठवल्याशिवाय राहत नाही.

दृष्टिहीनांसाठी ब्रेल आहे ना, असे पुष्कळदा विचारले जाते. आहे, आणि ती थोर गोष्ट आहे. सहा टिंबांच्या मांडणीतून सर्व भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' १९५१ साली सिद्ध झाली. मराठीतला 'क' आणि तमिळमधला 'क' बोटांना सारखाच लागतो. आपण डोळसांनी लिप्यांवरून एवढे वाद घातले, त्यांनी तो प्रश्न केव्हाच निकालात काढला! स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेव्हा पहिल्यांदाच कित्येक वाचकांच्या हाती त्यांचे स्वतःचे नियतकालिक आले. परंतु ब्रेलचा कागद जाड, छपाई खर्चिक आणि आकार अवाढव्य. छापील एका पानाची ब्रेलमध्ये साधारण दोन-तीन पाने होतात. एखादी मोठी कादंबरी ठेवावयास कपाटाचा खण लागतो. तालुक्याच्या गावातील वाचनालय ब्रेलचा संग्रह किती करणार? शिवाय ज्याची दृष्टी उतारवयात गेली, त्याला ब्रेल शिकणे सोपे नसते.

येथे संगणक मदतीस आला. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी 'स्क्रीन रीडर' नावाची प्रणाली असते. पूर्वी ती फार महाग होती. २००६ साली मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी 'एनव्हीडीए' ही विनामूल्य प्रणाली तयार करण्यास आरंभ केला. ती मराठीही वाचते. आजच्या साध्या मोबाइलमध्येही बोलून दाखविण्याची सोय असते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकलेल्या या मुलीने पुढे संगणकाच्या बोलक्या प्रणालीवर अभ्यास करून केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली. पहिल्या यशानंतर दृष्टिहीनतेच्या कारणावरून त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत घेण्यात आले नाही. पुढच्याच परीक्षेत त्यांनी देशात १२४वा क्रमांक मिळवला आणि त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या. आपल्या जळगावात यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पात दिव्यांग मुलेमुली राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. या मुलांकडे पाहिले म्हणजे कळते, की उणीव त्यांच्यात नाही. त्यांच्यापुढे ठेवलेल्या पानात आहे.

बंधु-भगिनींनो, आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

गेली तीस-पस्तीस वर्षे मराठी पुस्तके संगणकावरच जुळवली जातात. म्हणजे प्रत्येक पुस्तक छापण्यापूर्वी फाइलच्या रूपात अस्तित्वात असते. मग ती फाइल स्क्रीन रीडरला दिली, की काम झाले, असे कोणासही वाटेल. तसे होत नाही. छापखान्यांतून रूढ झालेल्या जुन्या मराठी फाँटमध्ये संगणकाच्या पोटात देवनागरी नसतेच. तेथे इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात आणि त्यांच्यावर देवनागरीचे केवळ चित्र चढवलेले असते. सर्वत्र चालणाऱ्या कृतिदेव फाँटमध्ये 'भारत' हा शब्द लिहिला, तर आत साठवले जाते ते 'एच, के, के, जे, आर'. आपल्या डोळ्यांना 'भारत' दिसते; स्क्रीन रीडरला पोटातले दिसते आणि तो तेच बडबडतो. पानेच्या पाने अशी निरर्थक अक्षरे ऐकणाऱ्याची काय अवस्था होत असेल, याची आपण कल्पना करावी.

यावरचा उपाय 'युनिकोड'. प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, ही ती व्यवस्था. देवनागरीला त्यात १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले. म्हणजे उपाय सापडून तीन दशके उलटली. तरीही कित्येक छापखान्यांत जुनेच फाँट चालतात, कारण हाताला सवय झालेली असते आणि पृष्ठरचनेच्या जुन्या प्रणालींत युनिकोडची जोडाक्षरे मोडत असत. ही अडचण खरी होती, ती मी नाकारत नाही. आज ती बहुतांशी दूर झाली आहे.

याचा परिणाम कोणाला भोगावा लागतो? इंग्रजी पुस्तकाची फाइल मिळाली तर दृष्टिहीन विद्यार्थी ती बहुधा वाचू शकतो. मराठीची मिळाली तरी पुष्कळदा वाचू शकत नाही. म्हणजे यावल-रावेरच्या खेड्यातून आलेल्या मुलाला परकी भाषा कानाला सुलभ आणि आईची भाषा बंद! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, आपण पेढे वाटले, मीही वाटले. त्याच आठवड्यात माझ्या एका ओळखीच्या दृष्टिहीन शिक्षिकेने मला विचारले, ''या अभिजात भाषेतील किती पुस्तके मला स्वतःहून वाचता येतील?'' माझ्यापाशी उत्तर नव्हते.

चांगले घडलेच नाही, असे नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे. त्यांनी उभा केलेला मराठी विश्वकोश, वीस खंडांचा, आज महाजालावर युनिकोड मजकुराच्या रूपात आहे. दृष्टिहीन विद्यार्थी त्यातील कोणतीही नोंद कोणाच्याही मदतीवाचून ऐकू शकतो. शास्त्रीबुवांच्या कामाला लाभलेला हा वाचक त्यांच्या हयातीत कल्पनेतही नसेल. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांनी जपलेली जुनी कागदपत्रे ही वेगळी बाब आहे. तेथे छायाचित्र घेण्यावाचून गत्यंतर नसते. परंतु गेल्या वर्षी संगणकावर टंकलेले पुस्तक कागदावर छापायचे, तो कागद पुन्हा स्कॅन करायचा आणि त्याचे चित्र महाजालावर चढवून 'डिजिटल ग्रंथालय' म्हणायचे, हा उद्योग मला अनाकलनीय वाटतो. चित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली आता मराठीसाठीही आहेत, पण पुसट छपाईत त्या 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळ करतात, आणि मग मुद्रितशोधनास पुन्हा एक डोळस माणूस लागतो.

संकेतस्थळांची कथा याहून निराळी नाही. बहुतेक संस्थांच्या संकेतस्थळांवर सूचना, निमंत्रणे, शिष्यवृत्तीचे नियम चित्ररूपात असतात. सुंदर वेलबुट्टी, रंगीत किनार, मध्ये मजकूर. स्क्रीन रीडर तेथे पोहोचतो आणि फक्त 'चित्र' एवढेच म्हणून पुढे जातो. शिष्यवृत्तीची अंतिम तारीख त्या चित्रातच राहते. चित्राखाली दोन ओळींचे वर्णन लिहून ठेवण्याची सोय प्रत्येक प्रणालीत असते. ती कोणी वापरीत नाही. तिकिटाच्या किंवा परीक्षेच्या अर्जात वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावयास सांगतात. ज्याला दिसत नाही तो यंत्र ठरतो आणि बाहेर राहतो. ज्याचे हात थरथरतात त्याला माउस स्थिर धरता येत नाही. सर्व कामे केवळ कळफलकावर झाली पाहिजेत. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरे आजच्या सभेतील पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांनाही वाचता येणार नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतके अंतर असावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगतात. कर्णबधिरांसाठी चित्रफितीखाली मजकूर हवा, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. जन्मतः कर्णबधिर असणाऱ्याची पहिली भाषा अनेकदा खुणांची असते आणि लिखित मराठी ही त्याला दुसरी भाषा ठरते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. आपली लांबलचक परिपत्रकी वाक्ये त्याच्यासाठी जिन्यासारखीच असतात. (माझी आजची वाक्येही त्यातून सुटलेली नाहीत, हे मी जाणतो.)

कायदा काय म्हणतो, हे थोडक्यात सांगतो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अपंग वाचकासाठी पुस्तकाचे वाचता येण्याजोगे रूपांतर करण्यास प्रकाशकाच्या परवानगीची गरज उरली नाही; अट एवढीच, की संस्थेने त्यात नफा कमवू नये आणि प्रत त्याच वाचकांपुरती राहावी. २०१३ साली माराकेश येथे याच हेतूचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्यास अनुमोदन देणारा पहिला देश भारत होता. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि माहितीची सुगम्यता हा हक्क मानला. त्या कायद्याखालील निकष केवळ शिफारशीवजा राहिल्याने सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ते बंधनकारक करण्याचा आदेश दिला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. बँकेची ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करावयास सांगितले जाते. आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्यांनी आणि दृष्टिहीनांनी ती कशी करावी, असा तो दावा होता.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. आपल्या शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांची संख्या सुमारे अकरा हजार आहे. या दोन आकड्यांची गाठ कोठे पडते, हे पाहावयाचे असेल तर कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयात जावे. खाली भाड्याने दिलेले गाळे, वर वाचनालय आणि मध्ये अरुंद जिना. गाळ्यांच्या भाड्यावर वाचनालय चालते, म्हणून मी कोणास दोष देत नाही. उताराचा रस्ता करावयाचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. पहिल्या मजल्यापर्यंत तो कसा नेणार? पण वर्तमानपत्रांचे टेबल आणि देवघेवीची खिडकी खाली आणता येते. एका गाळ्याचे भाडे सोडावे लागेल. कार्यकारिणीत हा ठराव मांडून पाहा, म्हणजे अडथळा जिन्यात आहे की आणखी कोठे, ते कळेल.

इमारतीचे काम खर्चाचे आहे, हे मान्य. मजकुराचे तसे नाही. इमारत बांधून झाल्यावरही उतार जोडता येतो, पण पुस्तक उघडे राहणार की बंद, हे अक्षरजुळणीच्या टेबलावरच ठरते, आणि तेथे त्याला जादा पैसा लागत नाही. म्हणून न्यासाकडे मी देणगी मागत नाही. न्यासातर्फे यापुढे निघणारे प्रत्येक पुस्तक, पत्रक आणि अहवाल युनिकोडमध्ये जुळवला जावा, छापखान्याला कामाचा आदेश देतानाच ही अट लिहिली जावी, आणि छपाईनंतर मूळ फाइल न्यासाच्या ताब्यात घेतली जावी. वाचनालयात एक संगणक, विनामूल्य स्क्रीन रीडर आणि कानाला लावायचे एक यंत्र ठेवावे. आणि एक छोटी खोली अशी असावी, जिच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी नसेल.

१९९८चा तो विद्यार्थी आता एका शाळेत शिक्षक आहे. मित्राच्या आवाजात व्हरांड्यात बसून त्याने पदवी घेतली. या व्याख्यानाचे निमंत्रण आल्यावर मी त्याला दूरध्वनी केला आणि ती पाटीची गोष्ट सभेत सांगू का, असे विचारले. तो हसला. म्हणाला, ''सांगा सर. पण छापून आल्यावर पानाचा फोटो पाठवू नका. फाइल पाठवा.''

हे भाषण मी युनिकोडमध्ये टंकून संपादक मंडळाकडे सुपूर्द केले आहे. स्मरणिकेची पाने जुळवताना छापखान्याने ते जुन्या फाँटमध्ये बदलून घेतले, तरी मूळ फाइल पुसून टाकू नये, आणि बाकीच्या लेखकांकडूनही शक्य तेथे तशीच मागून घ्यावी, अशी माझी संपादकांना नम्र विनंती आहे. त्याचा पत्ता मी त्यांच्याकडे देऊन ठेवतो.